घराला साल असतं

भोपाळला जायचं तर डिसेंबरात जावं. सकाळी मोठ्या तलावावर धुकं उतरलेलं असतं, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि दिवसभर पायी भटकलं तरी माणूस दमत नाही. खान्देशातून तर हे शहर फार लांबही नाही. भुसावळला गाडीत बसलं की बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी करत संध्याकाळपर्यंत पोचता येतं. मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी मुलगी आणि तिचे अब्बा, चार दिवस तिथे होतो. मुलीच्या यादीत मशिदी आणि बाजार होते. माझ्या यादीत श्यामला टेकडीवरचं एक संग्रहालय होतं. त्याच्याविषयी लिहायचं आहे, पण आधी शहराबद्दल थोडं सांगते. संग्रहालयाचा मुद्दा शहर पाहिल्याशिवाय कळणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला भोपाळ हे नाव इतिहासात बहुधा एका लढाईमुळे भेटतं. 1737 च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावानं निजाम-उल-मुल्कला भोपाळजवळ कोंडीत पकडलं. पुढच्या महिन्यात दोराहा सराईला तह झाला आणि माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. मुस्लिम वाचकाला हे शहर आठवतं ते बेगमांमुळे. 1819 ते 1926 या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, या संस्थानाचा कारभार चार स्त्रियांनी पाहिला: कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान. सिकंदर बेगम पडदा पाळत नसत. घोड्यावरून राज्यात फिरत. 1863-64 मध्ये त्या हजला गेल्या आणि त्या प्रवासाचं वर्णनही त्यांनी लिहिलं. सुलतान जहान बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. शाहजहान बेगमांनी ताजुल मसाजिद बांधायला घेतली, पण पैसा कमी पडला आणि 1901 मध्ये त्यांचं निधन झालं. काम अर्धवट राहिलं, 1971 मध्ये पुन्हा हाती घेतलं गेलं आणि 1985 मध्ये पूर्ण झालं.

या परिच्छेदात किती सालं आली, पाहा. राजे, बेगमा, लढाया, तह, मशिदी, सगळ्यांना साल आहे. चौकातल्या दरवाज्यालाही साल आहे. हे लक्षात ठेवून आता टेकडीवर चला.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय 1977 मध्ये स्थापन झालं आणि पुढे दिल्लीहून भोपाळला आलं. तलावाकाठच्या श्यामला टेकडीवर सुमारे 200 एकरांत ते पसरलेलं आहे. सोमवारी बंद असतं, एवढं ध्यानात ठेवा, आणि पायात चांगली चप्पल असू द्या. इथे इमारतीत मांडलेली दालनंही आहेत, पण खरं संग्रहालय उघड्यावर आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या आदिवासींची घरं, हिमालयातलं गाव, वाळवंटातलं गाव, किनाऱ्यावरचं गाव. ही घरं सरकारी कंत्राटदारानं बांधलेली नाहीत. त्या त्या समाजातली माणसं आपल्याकडचं साहित्य घेऊन इथे आली आणि आपल्या पद्धतीनं घर उभारून गेली. एका भागात जुनी तंत्रं मांडली आहेत: तेल कसं गाळत, लोखंड कसं वितळवत. टेकडीच्या खडकांवर आदिमानवानं काढलेली चित्रंही आहेत. म्हणजे राहणाऱ्यांची गोष्ट सांगायला जी जागा निवडली, तिथे माणसं हजारो वर्षांपूर्वीच राहून गेली होती.

आमच्या मुलीला सगळ्यात आवडलं ते वारल्यांचं घर. पालघर-डहाणूकडच्या घरासारखंच. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप. भिंतीवरची पांढरी चित्रं तांदळाच्या पिठानं काढतात, आणि लग्नघरातला चौक बायकाच लिहितात, हे मी तिला सांगितलं. कागदावरची वारली चित्रकला तिनं शाळेत केली होती. ज्या भिंतीसाठी ती चित्रं होती, ती भिंत तिनं पहिल्यांदा पाहिली. तिनं आत डोकावून विचारलं, "अम्मी, हे घर कधीचं आहे?"

प्रश्न साधा होता. मी पाटी वाचली. जमातीचं नाव होतं, प्रदेश होता, बांधणीचं साहित्य होतं. साल नव्हतं. पुढच्या घरी गेलो, तिथेही तेच. मी थांबून वाचलेल्या बहुतेक पाट्यांवर 'पारंपरिक' हा शब्द सालाच्या जागी बसलेला होता. पारंपरिक म्हणजे कधीचं? 1850 चं? 1950 चं? मुंबई-सुरत रेल्वे डहाणूवरून गेली, त्याच्या आधीचं की नंतरचं? वारल्यांनी सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये जो लढा दिला, त्यात हे घर कुठे होतं? त्या घरातून कोणी मोर्च्याला गेलं असेल का?

संग्रहालयाची निंदा करायला मी हे लिहीत नाही. अशी जागा देशात फार थोडी आहे, आणि झोपडीला महालाइतक्या आदरानं जमीन देणारी तर त्याहून थोडी. पण त्या एका प्रश्नानं माझा पुढचा सगळा दिवस व्यापला. खाली शहरात बेगमेच्या महालाला साल आहे आणि वर टेकडीवर गरिबाच्या घराला नाही. महाल इतिहासात जातो, झोपडी 'संस्कृती'त. इतिहासातली माणसं बदलतात, निर्णय घेतात, चुकतात, लढतात. संस्कृतीतली माणसं नुसती असतात. तशीच, तिथेच, कायमची.

उघड्यावरच्या संग्रहालयांची ही अडचण त्यांच्या जन्मापासूनची आहे. यातलं सर्वांत गाजलेलं संग्रहालय म्हणजे स्वीडनच्या स्टॉकहोम शहरातलं स्कानसेन. ते 1891 मध्ये आर्तुर हाझेलियस यांनी सुरू केलं. हे गृहस्थ मूळचे भाषाशिक्षक, म्हणून मला जरा जवळचे वाटतात. 1872 मध्ये ते स्वीडनच्या दालार्ना भागात फिरले तेव्हा त्यांना दिसलं की कारखाने आणि रेल्वे आल्यानं खेड्यातलं जुनं जगणं विरत चाललंय. त्यांनी कपडे, भांडी, अवजारं जमवायला सुरुवात केली, आणि पुढे अख्खी घरं खोलून, गाडीत घालून राजधानीत आणून उभी केली. शहरात राहायला गेलेल्या माणसाला आपल्या आजीचं घर पुन्हा दिसावं, हा हेतू चांगला होता. पण आठवण काढताना माणूस भांडणं, कर्ज, भूक विसरतो आणि चुलीचा धूर तेवढा लक्षात ठेवतो. संग्रहालयांचंही तसंच झालं.

विसरण्याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. व्हर्जिनिया राज्यातलं विल्यम्सबर्ग हे जुनं शहर रॉकफेलर यांच्या पैशातून 1920 च्या दशकापासून अठराव्या शतकातल्यासारखं पुन्हा उभं करण्यात आलं. तिथे राज्यपालाचा वाडा आहे, विधानसभा आहे, टोप्या आणि विगा घातलेली माणसं आहेत. पण अठराव्या शतकात त्या शहरातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती आणि त्यांतली बहुतेक गुलाम होती. अनेक दशकं ही निम्मी वस्ती त्या संग्रहालयात जवळजवळ दिसलीच नाही. 1979 पासून काळ्या कलावंतांनी गुलामांच्या भूमिका करून त्यांचं जगणं लोकांसमोर मांडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते शहर पुरतं दिसू लागलं.

आता दुसरी बाजू. ही दोन ठिकाणं मी पाहिलेली नाहीत, वाचलेलं सांगते. नेदरलँड्समध्ये आर्नहेम इथे मोठं खुलं संग्रहालय आहे. पवनचक्क्या, शेतकऱ्यांची घरं, सगळं आहे. पण तिथे एक बराकही आहे. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर डच वसाहतीच्या सैन्यातले मोलुक्कन सैनिक आणि त्यांची कुटुंबं, मिळून सुमारे 12,500 माणसं, 1951 मध्ये नेदरलँड्सला आणली गेली. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं म्हणून त्यांना छावण्यांमध्ये ठेवलं, आणि ते थोडे दिवस वर्षानुवर्षं संपले नाहीत. त्या जगण्याची बराक आज पवनचक्कीच्या शेजारी उभी आहे. डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरातलं 'डेन गाम्ले बू', म्हणजे 'जुनं गाव', तर त्याहून पुढे गेलं. तिथे एक संपूर्ण वस्ती 1974 सालची म्हणून उभारली आहे आणि तिच्यात तुर्की कामगारांचं घरही आहे. कारखान्यात राबायला आलेले, मिळेल त्या खोलीत राहणारे, गावाकडे पैसे पाठवणारे हे मुसलमान मजूर. डेन्मार्कच्या इतिहासात ते साल घालून बसवले आहेत.

मला यातलं सालच महत्त्वाचं वाटतं. 'तुर्की लोकांचं पारंपरिक घर' अशी पाटी लावली असती तर पाहणाऱ्यानं गालिचा आणि चहाचा पेला पाहिला असता आणि तो पुढे गेला असता. 1974 म्हटलं की त्याला विचार करावा लागतो: तेव्हा माझे वडील काय करत होते? ते याच कारखान्यात होते का?

आता आपल्या घराकडे येते.

इतिहासाच्या नावानं आमच्या मुलांना काय मिळतं? शाळेच्या आवारात वाद झाला की कोणीतरी विचारतं, "तुमचा राजा कोण?" मुलगा गोंधळतो. कधी एखाद्या बादशहाचं नाव घेतो, ज्याचा आणि त्याच्या पणजोबाचा काडीचा संबंध नव्हता. कधी गप्प बसतो. मोठी माणसंही हेच करतात. हल्ला झाला की आपण ताजमहाल दाखवतो, लाल किल्ला दाखवतो, भोपाळच्या बेगमा दाखवतो. बेगमांचा मला अभिमान आहे, पण माझी नानी बेगम नव्हती. ती पिंजाऱ्याची मुलगी होती. तिचे अब्बा थंडीच्या तोंडावर खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरत. नवा कापूस आलेला असे, लोकांना गाद्या-रजया भरून हव्या असत. ओसरीवर बसून ते तात छेडत आणि कापूस ढगासारखा फुलून येई. पाटलाच्या रजईत, मारवाड्याच्या गादीत आणि मशिदीच्या मौलवीसाहेबांच्या लोडात एकाच हाताचा कापूस असे. खान्देशातल्या किती घरांनी थंडीची रात्र त्या हाताच्या भरवशावर काढली असेल!

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास बहुतांशी असा आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मण्यार, शिकलगार, मुलाणी, कोकणातले खलाशी आणि मच्छिमार. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन विणकरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून इकडे आले. गिरणीच्या कापडानं हातमागाचा बाजार मोडला होता, दुष्काळ होते, आणि 1857 नंतर इंग्रजांनी उगवलेला सूड होता. हा कुठल्याही तहाइतकाच मोठा इतिहास आहे. पण मालेगावच्या मुलाला पानिपतचं साल पाठ असतं आणि आपलं कुटुंब मालेगावला कोणत्या साली आलं, हे त्याच्या घरात कोणी विचारलेलं नसतं.

घराला साल नसलं की दुसरा कोणीही त्यावर हवी ती पाटी लावू शकतो. 'बाहेरून आलेले' ही त्यातलीच एक पाटी. 'नवाबी थाटाचे' ही दुसरी. बिर्याणी, अत्तर, शेरोशायरी ही तिसरी, आणि ती आपणही हौसेनं लावून घेतो. या सगळ्या पाट्या 'पारंपरिक' या शब्दाच्या सख्ख्या बहिणी आहेत.

गरिबाच्या घराला साल मिळतच नाही असं नाही. कधी कधी ते फार महाग पडतं. त्याच भोपाळमध्ये 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये हजारो माणसं मेली. तोपर्यंत त्या झोपड्यांची नोंद कोणत्या इतिहासात होती? एका रात्रीत त्यांना साल मिळालं. तीस वर्षांनी, 2014 मध्ये, वाचलेल्या माणसांनी आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतःचं छोटं संग्रहालय उभारलं. त्यात मांडल्या त्या घरातल्या साध्या वस्तू आणि माणसांच्या आवाजात नोंदवलेल्या आठवणी. सरकार आपली आठवण सांगेल, याची त्यांनी वाट पाहिली नाही. पण साल मिळायला आपल्यावर अशी रात्रच यावी लागते का? संकट येण्याआधी, साध्या दिवसांनाही साल देता येतं.

परत आल्यावर मी पहिलं काम घरीच केलं. नानीच्या माहेरचं घर धाब्याचं होतं. लाकडी तुळया, वर काटक्या, वर मातीचा जाड थर. आज तिथे सिमेंटची गच्ची आहे. धाबं कधी उतरवलं? मामू म्हणाले, खूप वर्षं झाली. खाला म्हणाली, माझ्या लग्नाच्या आधी. नातेवाइकांना चार फोन केल्यावर कळलं की पिंजणाचं मशीन आधी आलं आणि त्याच्या कमाईवर गच्ची झाली. मशीनची पावती मामूंच्या पेटीत निघाली: 1978. म्हणजे नानीच्या अब्बांची धनुकली खुंटीला लागली ते साल 1978. आमच्या खानदानाची एक पिढी त्या साली संपली आणि दुसरी सुरू झाली. कुठल्याही पुस्तकात हे नाही, पण आमच्यासाठी ते एखाद्या संस्थानाच्या विलीनीकरणाइतकं मोठं आहे.

दुसरं काम शाळेत केलं. आमच्या शाळेत उर्दू आणि मराठी माध्यमाचे वर्ग एकाच आवारात भरतात आणि मी दोन्हीकडे शिकवते. जानेवारीत नववीच्या दोन्ही वर्गांना एकच गृहपाठ दिला: आपल्या घराची पाच सालं शोधून आणा. घर कधी बांधलं, वीज कधी आली, पत्रे किंवा स्लॅब कधी पडला, कुटुंबाचा धंदा कधी बदलला, आणि घरातली पहिली मुलगी शाळेत कधी गेली. साल आठवत नसेल तर मोठ्या माणसांना खूण विचारा: बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? आणीबाणीच्या आधी की नंतर? कोण जन्मलं होतं, कोण नव्हतं? पावती, रेशनकार्ड, सातबारा, निकाहनामा, शाळेचा दाखला, जे सापडेल ते पाहा. घरात कोणाचा आवाज नोंदवता आला तर मोबाइलवर नोंदवा.

वह्या तपासताना एक गोष्ट सापडली. उर्दू वर्गातल्या एका मुलाच्या आणि मराठी वर्गातल्या एका मुलाच्या वहीत सारखीच ओळ होती. दोघांच्याही आजोबांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडली होती, एकाच रस्त्याच्या कामावर. एकाच्या आजीनं सुकडीची आठवण सांगितली होती, दुसऱ्याच्या दादीनं लाल मिलोच्या भाकरीची. ही दोन मुलं गेली चार वर्षं एकाच नळावर पाणी पितात आणि एकमेकांना फक्त आडनावानं ओळखत होती. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून दोघांना बोलावलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग मराठी वर्गातल्या मुलानं विचारलं, "तुझे आजोबा अजून आहेत का? माझे नाहीत. तो रस्ता कोणता ते त्यांना विचारशील?"

त्या रविवारी दोघं सायकलवर रस्ता पाहायला गेले. आजोबांनी सांगितलेला मैलाचा दगड त्यांना सापडला. आता मुलांच्या त्या पाच सालांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, आणि या वर्षीच्या नववीला तोच गृहपाठ देणार आहे. वाचकांनाही माझी तीच विनंती आहे. भोपाळला जाल तेव्हा ताजुल मसाजिद पाहा, बेगमांच्या इमारती पाहा, टेकडीवरची घरं सावकाश पाहा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्या घराला आधी छप्पर कशाचं होतं, आणि ते कोणत्या साली बदललं.